आठवीनंतरचा डबा : धानपट्ट्यातील किशोरवयीन मुलामुलींचे आरोग्य

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचा सिहोरा परिसर हा पूर्वापार धानाचा मुलूख आहे. वैनगंगा व बावनथडी या नद्या, चांदपूरचा जलाशय आणि गावोगावच्या बोड्या यांच्या आधारावर येथील शेतकरी खरिपात धान घेतो. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे तो उन्हाळी धानही घेतो. पऱ्हे किती दिवसांचे झाले की रोवणी करावी, फुटवे येताना खताचा हप्ता केव्हा द्यावा, पीक पोटरीत असताना बांधीतले पाणी का तुटू देऊ नये, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वाढीची नाजूक वेळ एकदा हुकली की नंतर कितीही खत टाकले तरी ती भरून निघत नाही, हे तो अनुभवाने जाणतो.

माणसाच्या वाढीतही अशी एक वेळ असते. दहा ते एकोणीस वर्षे हे किशोरवय होय. त्यातही मुलींची उंची सर्वाधिक वेगाने साधारण ११ ते १३ या वयात वाढते आणि मुलांची १३ ते १५ या वयात. हाडे लांब होतात, रक्ताचे एकूण प्रमाण वाढते, मुलींना पाळी सुरू होते व दर महिन्याला थोडे लोह शरीराबाहेर जाऊ लागते. म्हणजे या काळात अन्नाची, विशेषतः प्रथिने व लोहाची, गरज एकदम वाढते. नेमक्या याच काळात आपल्याकडील मुलांच्या दुपारच्या जेवणात एक खंड पडतो. त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

शाळेतील जेवण आठवीला थांबते

महाराष्ट्रात शालेय पोषण आहार योजना १९९५ साली सुरू झाली. तेव्हा मुलांना दरमहा तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत असे. पुढे शाळेतच शिजवलेले अन्न देणे सुरू झाले आणि २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालते. सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ७०० कॅलरी उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशोब आहे. राज्यात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एक अंडेही सुरू झाले होते, परंतु जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी शासनाने थांबविला.

ही योजना पहिली ते आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलेल्या मुलाला हे जेवण मिळत नाही. वय चौदा, उंची झपाट्याने वाढणारी, शाळा कदाचित दुसऱ्या गावी, सकाळी सायकलने किंवा एसटीने निघायचे आणि डब्यात काय, तर रात्रीचा भात व थोडे लोणचे. काही मुले डबा नेतच नाहीत. शाळेबाहेरच्या दुकानातले पाच-दहा रुपयांचे कुरकुरीत पाकीट हीच त्यांची दुपार. मुलगी असेल तर सकाळचे घरकाम आटोपून बरेचदा फक्त चहा पिऊनच निघते. ज्या घरात धानाच्या पोत्यांची थप्पी लागलेली आहे त्या घरातही हे घडते, म्हणून याला केवळ गरिबी म्हणून सोडून देता येत नाही.

ताटातला हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी आहाराची प्रमाणे ठरवून दिली. त्यानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने व ३० मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलाला ४५ ग्रॅम प्रथिने व २२ मिलिग्रॅम लोह लागते. मुलीला लोह जास्त लागते, हे आपल्या घरांतील ताट वाढण्याच्या रीतीच्या बरोबर उलट आहे, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

आता चौदा वर्षांची मुलगी दिवसभरात ३०० ग्रॅम तांदळाचा भात खाते असे धरू. गिरणीतून पांढराशुभ्र करून आणलेल्या १०० ग्रॅम तांदळात प्रथिने सात-आठ ग्रॅम असतात, तर लोह एक मिलिग्रॅमही नसते. म्हणजे भातातून प्रथिने मिळाली बावीस-तेवीस ग्रॅम व लोह जेमतेम दोन मिलिग्रॅम. पोट भरले, पण निम्मी प्रथिने व जवळजवळ सगळे लोह बाकीच राहिले. यात ७५ ग्रॅम तूर डाळ घातली की प्रथिने सोळा ग्रॅमांनी व लोह सुमारे तीन मिलिग्रॅमने वाढते. एक अंडे दिले तर आणखी सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. आता प्रथिनांचा हिशोब जुळला. शिवाय तांदळाच्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, म्हणून वरण-भात एकत्र खाण्याची आपली जुनी पद्धत शास्त्रालाही धरून आहे. मात्र वरण म्हणजे डाळीचे पिवळे पाणी नव्हे. पळी उलटी केली तर ओघळावे इतके तरी ते दाट असावे.

लोहाचा हिशोब मात्र एवढ्यानेही जुळत नाही. हिरव्या पालेभाजीने त्यात भर पडते, परंतु वनस्पतीतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. त्यासोबत लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा टोमॅटो असेल तर शोषण वाढते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर ते घटते. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. मासळी व मटणातील लोह अधिक सहज शोषले जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. याच वयाच्या मुलांतही ते प्रमाण ३१ टक्के होते. म्हणजे पाच मुलींच्या बाकावर तिघी. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असले, किंवा पंधरा वर्षांवरील मुलाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असले, तर तो रक्तक्षय होय. पापणीचा आतला भाग व नखे फिकट दिसणे, चढावर दम लागणे, वर्गात डुलक्या घेणे, अभ्यास ध्यानात न राहणे ही त्याची लक्षणे आहेत. धानपट्ट्यात आणखी एक खूण दिसते. मुलगी येताजाता कोठीतले कच्चे तांदूळ चघळते. तिला रागावण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे. माती, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेशी जोडलेली असते.

निळी गोळी आणि जंताची गोळी

सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना शासकीय व अनुदानित शाळांमधून आठवड्यातून एकदा निळ्या रंगाची लोहगोळी देण्याची योजना आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. शाळा सोडलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळते. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, एखादीला उलटी होते, मग घरी चर्चा होते आणि पुढच्या आठवड्यात दहा मुली गोळी खिडकीतून टाकतात. यावर उपाय एवढाच की गोळीच्या दिवशी मुलीने जेवूनच ती घ्यावी आणि त्या दिवशी डबा चुकू देऊ नये. गोळीने शौचास काळसर होते, त्यात घाबरण्याचे कारण नाही.

लोह दिले तरी पोटातील आकडेकृमी ते रक्तावाटे काढून घेत असतील तर उपयोग काय? या कृमीच्या अळ्या ओलसर, विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. धुऱ्यावरून आणि नाल्याकाठाने अनवाणी फिरणाऱ्यांना याचा धोका अधिक. म्हणून १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना मिळणारी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल गोळी मुलांनी शाळेतच चावून खावी. ऑगस्टमधल्या त्या दिवशी मुलगा रोवणीमुळे गैरहजर असेल तर राहिलेल्या मुलांसाठी पुढे पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो, त्याची चौकशी करावी.

शाळेत शिजणाऱ्या व रेशनच्या तांदळात अलीकडे लोह, फोलिक आम्ल व बी-१२ मिसळून तयार केलेले दाणे शंभर किलोस एक किलो या प्रमाणात घातलेले असतात. ते धुताना वर तरंगतात, रंगाने थोडे वेगळे दिसतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून काही घरी ते निवडून फेकले जातात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात, फेकू नयेत.

सर्वच फिकेपणा लोहाचा नसतो

विदर्भातील शेतकऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात बराच आढळतो व तो एका जातीपुरता किंवा केवळ आदिवासींपुरता नाही. यात रक्तातील गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नष्ट होतात. वारंवार सांधे, पाठ व छातीत असह्य दुखणे, डोळे पिवळे होणे, सतत ताप येणे, वाढ खुंटणे ही त्याची लक्षणे होत.

येथे दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष गुण आला असेल तर ती व्यक्ती "वाहक" असते. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्याने सर्वांसारखे काम करावे, लोहगोळीही घ्यावी. दोघांकडूनही तो गुण आला तर ती व्यक्ती "रुग्ण" होते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. "पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन बरी निघतील" असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी हा हिशोब नव्याने मांडला जातो.

शाळेतील तपासणी येथेच उपयोगी पडते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते आणि ती दोषी आली तर प्रयोगशाळेतील पुढच्या चाचणीने वाहक की रुग्ण हे नक्की कळते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अभिप्रेत आहे. चाचणीचे कार्ड सातबाऱ्याच्या फाईलमध्येच जपून ठेवावे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना शेती किती, धुरा कुणाला लागून, हे सगळे विचारले जाते. त्याच बैठकीत दोन्हीकडची सिकलसेल कार्डे समोर ठेवायला लाज कसली? वाहकाचे लग्न वाहक किंवा रुग्ण नसलेल्या व्यक्तीशी झाले तर मूल रुग्ण होत नाही. वाहक मुलगी म्हणजे दोषी मुलगी, असे मानून तिचे लग्न मोडणाऱ्यांनी हे समजून घ्यावे. शिवाय हा गुण मुलाकडूनही तितकाच येतो.

मूल रुग्ण असेल तर शेतकरी घराने काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पाण्यात उभे राहून, पावसात भिजत, वाकून दिवसभर केलेली रोवणी अशा मुलाला थेट दवाखान्यात नेऊ शकते, कारण थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे या तिन्हींमुळे पेशी अडकण्याचे प्रमाण वाढते. भर उन्हातील कापणीही तशीच. त्याला भरपूर पाणी प्यायला द्यावे, शाळेत पाण्याची बाटली व मध्येच लघवीला जाण्याची मोकळीक मिळावी म्हणून शिक्षकांना आजाराची कल्पना द्यावी. फोलिक आम्लाची गोळी रोज सुरू ठेवावी. लोहाची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावी, कारण ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह साचून अपाय होतो. दुखण्याचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध उपलब्ध आहे, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. कडक ताप, छातीत दुखणे किंवा श्वास लागणे यांपैकी काही झाले तर देवऋषी, झाडफूक यात वेळ न दवडता तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेतील सवलतींबाबत मुख्याध्यापकांशी वेळेवर बोलावे.

शाळेतील नवा तास

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने शालेय आरोग्य व निरामयता कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, प्रशिक्षण देऊन आठवड्यातून एक तास आरोग्य व जीवन कौशल्यांसाठी घ्यावा अशी त्यात योजना आहे. आहार व स्वच्छता, वयात येणे, भावनांचे आरोग्य, मुलगा-मुलगी समानता, व्यसनांपासून बचाव, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे एकूण अकरा विषय आहेत. वयात येण्याविषयी शाळेत बोलावे की नाही यावरून २००७ साली राज्यात मोठा वाद झाला होता. दरम्यान शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने "तारुण्यभान" शिबिरांतून याच विषयावर मुलामुलींशी मोकळेपणाने बोलून दाखविले आहे. आपण घरी बोलत नाही आणि शाळेला बोलू देत नाही, तेव्हा मुले मोबाइलवर शिकतात. त्यापेक्षा शाळेतील ताई-सर बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जीवन कौशल्य हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ साधा आहे : नाही म्हणता येणे, विचारता येणे, रागात निर्णय न घेणे, मदत मागता येणे. आपल्या भागात नाही म्हणायला शिकण्याची पहिली जागा म्हणजे पानठेला. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात गावोगाव मिळतो. त्यातील सुपारीने तोंडाचा आतला भाग ताठर होत जातो, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे व अठरा वर्षांखालील मुलाला ती विकणे किंवा त्याच्या हातून विकविणे हे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षकांनी तासाला खर्ऱ्याचे दुष्परिणाम सांगायचे आणि रोवणीच्या मजुरांसाठी बापाने पोरालाच खर्ऱ्याच्या पुड्या आणायला पाठवायचे, असे झाले तर तो तास वाया गेला असेच समजावे.

रोवणीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये मजूर मिळत नाहीत हे खरे आहे. पण शाळा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच आठवी-नववीच्या मुली पंधरा-वीस दिवस बांधीत असतात. गणिताचा पाया त्याच दिवसांत घातला जातो. उन्हाळी धानाची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत येते, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. गैरहजेरी वाढत गेलेल्या मुलीची शाळा सुटते आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाची घाई होते. अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न करणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. रक्तक्षय असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे बाळंतपण तिच्या व बाळाच्या जिवावर बेतू शकते. अडचणीत असलेल्या मुलाला किंवा मुलीला १०९८ हा क्रमांक फुकट लावता येतो, तो त्यांना पाठ असावा.

धुऱ्यावरची तूर, डब्यातली डाळ

शाळा शिकवील, गोळी देईल, तपासणी करील, डबा मात्र घरूनच जायचा आहे. त्यासाठी बाजाराकडे पाहण्याची गरज कमी आहे. धानाच्या धुऱ्यावर तूर लावण्याची येथील पद्धत उत्तम आहे, ती मोडू देऊ नये. त्याच धुऱ्यावर मध्ये-मध्ये बरबटी व अंबाडी घेता येते. पावसाळ्यात कोवळा तरोटा, पाथरी, केना अशा रानभाज्या फुकट मिळतात. तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरच्या मात्र खुडू नयेत. परसात न्हाणीच्या पाण्यावर दोन मुनग्याची झाडे, एक लिंबू, एक पपई आणि चवळी-पालकाचे चार वाफे बसतात. मुनग्याचा पाला सावलीत वाळवून त्याची भुकटी भाकरीच्या पिठात किंवा वरणात चमचाभर टाकावी. बोडीतील लहान मासे व झिंगे काट्याकवचासह शिजवले तर प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. मासळी विकून चिप्सचे पाकीट आणणे हा व्यवहार तोट्याचा आहे. जवस व तिळाची कोरडी चटणी महिनाभर टिकते आणि कोरड्या भातालाही चव आणते.

धान कापणीच्या आधी उभ्या पिकात फोकली जाणारी लाखोळी प्रथिनांत समृद्ध आहे, परंतु तीच डाळ मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ल्यास त्यातील विषारी घटकाने पायांना लुळेपणा येतो. त्यामुळेच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली होती. पेरायचीच असेल तर रतन, प्रतीक असे विषारी घटक कमी असलेले वाण घ्यावेत, डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, आणि मुलांच्या रोजच्या वरणाला तूरच वापरावी. परसबागेचा आराखडा व बियाण्याबाबत साकोली येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

आता नववी-दहावीच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न पुन्हा घेऊ. शासनाची योजना आठवीला थांबते, पण अनेक शाळांत पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच आवारात असतात व स्वयंपाकघर तेथेच असते. तेथे पालक सभेत बोलून नववी-दहावीच्या मुलांसाठी निदान दाट वरणाची सोय करता येईल का, याचा विचार पालक व मुख्याध्यापकांनी मिळून करावा. अशा मुलांचा कोठा व हिशोबाची वही मात्र शासनाच्या धान्यापासून वेगळी ठेवावी. भात मुलांनी घरून आणावा. रोज ३० ग्रॅम डाळ व वर्षाचे शाळेचे २०० दिवस धरले तर एका मुलामागे सहा किलो डाळ लागते. तुरीत मोजली तर ती आठ-साडेआठ किलो होते. चाळीस मुलांच्या वर्गाला वर्षाकाठी दोन क्विंटल चाळीस किलो डाळ पुरेल. तूर निघाल्यावर ज्याच्या घरचे मूल त्या वर्गात आहे त्याने आपल्या धुऱ्यावरची तेवढी तूर, भरडून किंवा अख्खी, शाळेत पोचती करावी आणि ज्याला धुराच नाही त्याच्या मुलाचा वाटा बाकीच्यांनी उचलावा.